मीठ, सोरा आणि धूर

मीठ लावून अन्न टिकविण्याची विद्या महाराष्ट्रांतील गृहिणींस नवी नाहीं. 'लोणचें' हा शब्दच 'लवणा'शीं आपलें नातें सांगतो, आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठीं खारवून सुकविलेली मासळी कोंकणच्या किनाऱ्यावर घरोघर आढळते. आपल्याकडे या विद्येची मजल बहुधा घरच्या बेगमीपुरती राहिली. यूरोपांत मात्र तिनें आरमारें पोसलीं, वसाहती चालविल्या आणि एका संबंध देशाच्या शेतीचें रूप पालटून टाकलें. आज अमेरिकेंत व इंग्लंडांत पुष्कळ कुटुंबें गोमांसाचें 'बेकन' घरच्या घरीं तयार करितात. वरवर पाहतां ही एक साधी पाकक्रिया आहे. परंतु तिच्या मागें जो इतिहास आहे, तो साधा नाहीं. तोच येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

गोमांसाचें नांव निघतांच आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या मनाला तें बोचेल, हें आम्ही जाणून आहों. महाराष्ट्रांत गाईबरोबर बैलांच्या वधासहि २०१५ पासून कायद्यानें बंदी आहे, आणि त्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडणें हें या लेखाचें प्रयोजन नव्हे. परंतु एखादा समाज काय खातो, काय वर्ज्य मानतो, आणि जें वर्ज्य किंवा दुर्मिळ झालें त्याच्या जागीं काय आणून बसवितो, हें जाणल्याखेरीज त्या समाजाचा इतिहास पुरता कळत नाहीं. लढाया व तहनामे यांनींच इतिहास भरतो, ही समजूत आतां मागें पडली आहे. शिवाय पुढील हकीगतींत ज्या देशाचें नांव वारंवार येणार आहे, तो आयर्लंड देश एके काळीं गाईलाच धन मानणारा होता, हेंहि वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

प्रथम पदार्थाची ओळख करून घेऊं. डुकराच्या पाठीचें किंवा पोटाचें मांस मिठांत मुरवून, बहुधा लाकडाच्या धुरावर धरून टिकाऊ केलें, म्हणजे त्यास बेकन म्हणतात. गोमांसाचें बेकन करणारा डुकराच्या जागीं बैलाच्या पोटाकडील असा पट्टा घेतो कीं, ज्यांत चरबी व मांस यांचे थर एकाआड एक असतात. एक किलो मांसास सुमारें २५ ग्रॅम मीठ, थोडी साखर, मिरपूड, आणि ज्यांत नायट्राइटचा अंश शेंकडा ६.२५ असतो असें खास मीठ २.५ ग्रॅम, हें सर्व चोळून तो पट्टा आठवडाभर फ्रीजमध्यें ठेवितात व रोज उलटतात. नंतर तो धुऊन, रात्रभर उघडा सुकवून, ओक किंवा हिकरीच्या लाकडाच्या मंद धुरावर आंतून ६५ अंश सेंटिग्रेड ऊन होईपर्यंत धरितात. निवाल्यावर त्याचे धाग्याच्या आडवे पातळ काप काढून ते थंड तव्यावर मांडावयाचे व मंद आंचेवर परतावयाचे. बैलाची चरबी डुकराच्या चरबीहून अधिक उष्णतेनें वितळते व लवकर थिजते. म्हणून हे काप गरम असतांच वाढावे लागतात. एवढी ही कृति. प्रश्न असा कीं, डुकराच्या मांसाचें नांव बैलाच्या मांसास देण्याची गरज कोणास व कां पडली?

या प्रश्नाचें एक उत्तर धर्मांत आहे, तें उघड आहे; ज्यू व मुसलमान या दोन्ही समाजांत डुकराचें मांस निषिद्ध आहे. दुसरें उत्तर मात्र तितकें उघड नाहीं, आणि तें शोधण्याकरितां आयर्लंडकडे वळलें पाहिजे. कारण बेकनच्या जागीं खारवलेलें गोमांस आणून बसविणाऱ्यांत अत्यंत प्रसिद्ध असा समाज आयरिश स्थलांतरितांचा होय.

प्राचीन आयर्लंडांत गाय हें संपत्तीचें माप होतें. तेथील जुन्या कायद्यांत दंडाचें व देण्याचें मोल गाईंच्या संख्येंत सांगितलेलें आढळतें. 'टॉइन बो कूलन्या' या त्यांच्या वीरकथेचा सारा विषय एका उत्तम वळूसाठीं झालेली स्वारी हा आहे. विराटपर्वांतील गोग्रहणाची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांस हा प्रकार मुळींच परका वाटणार नाहीं. ज्या घरीं गाय हीच पुंजी, त्या घरीं ती सहसा मारीत नाहींत. सामान्य आयरिश मनुष्य दूध, दही, लोणी व ओटचें पीठ यांवर राही. गोमांस हें सणावारीं व सरदारांच्या पंक्तीस. एरव्हीं जेवणांत मांस आलेंच तर तें बहुधा खारवलेल्या डुकराचें असे.

ही घडी इंग्रजी सत्तेच्या काळांत विस्कटली. सतराव्या शतकांत तेथील जमिनी मोठ्या प्रमाणावर इंग्रज जमीनदारांच्या हातीं गेल्या आणि इंग्लंडच्या बाजारासाठीं गुरें पोसण्याचा धंदा वाढीस लागला. दरवर्षीं हजारों जिवंत गुरें समुद्र ओलांडून इंग्लंडांत जाऊं लागलीं. आयरिश गुरांमुळें आमचे भाव पडतात, अशी ओरड इंग्लंडांतील गुरेंवाल्यांनीं केली. आणि पार्लमेंटनें १६६३ मध्यें त्या गुरांवर जबर जकात बसविली व १६६७ मध्यें त्यांची आयातच बंद केली. गुरांबरोबर गोमांस, डुकराचें मांस व बेकन यांसहि इंग्लंडचें दार लागलें. परंतु या कायद्यानें आयरिश व्यापार मेला नाहीं. त्याची केवळ दिशा बदलली. जिवंत जनावर पाठवितां येत नाहीं, तर तें कापून, मिठांत घालून, पिपांत भरून दूर देशीं पाठवावें, असा मार्ग व्यापाऱ्यांनीं काढला. दक्षिण आयर्लंडांतील कॉर्क हें बंदर याच धंद्यावर नांवारूपास आलें. त्या काळीं मिठावरील कर इंग्लंडच्या मानानें आयर्लंडांत पुष्कळच कमी होता, आणि पोर्तुगालच्या मिठागरांतून उत्तम जाड मीठ तेथें येत असे. धान्याच्या दाण्याएवढाले हे मिठाचे खडे. धान्याच्या दाण्यास इंग्रजींत 'कॉर्न' म्हणतात, त्यावरून या मांसास 'कॉर्न्ड बीफ' हें नांव पडलें. त्याचा मक्याशीं कांहींएक संबंध नाहीं.

कॉर्कच्या त्या पिपांत केवळ आयरिश गुरें व पोर्तुगीज मीठ एवढेंच नसे. नुसत्या मिठानें मांस करडें पडतें. त्यांत चिमूटभर सोरा घातला म्हणजे त्यास सुंदर तांबूस रंग येतो व तें अधिक सुरक्षित राहतें, हें खाटिकांस अनुभवानें ठाऊक होतें. म्हणून चांगल्या खारवणींत सोरा असे. हा सोरा कोठून येई? अठराव्या शतकांत ब्रिटनांत येणारा सोरा बव्हंशीं आपल्याच देशांतला, विशेषतः बिहारांतला असे. पाटणा व छपरा यांच्या आसपास नोनिया जातीचे लोक जुन्या वस्त्यांच्या व गोठ्यांच्या परिसरांतील खारट माती खरवडून, ती पाण्यांत भिजवून, गाळून व आटवून सोरा काढीत. डच व इंग्रज कंपन्यांच्या वखारी त्यासाठींच तेथें एकमेकांशीं चुरस करीत होत्या. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्यें, इंग्रज कंपनीनें बंगालच्या नबाबाकडून या सोऱ्याचा मक्ता मिळविला. अर्थात् त्याचा मुख्य उपयोग तोफांच्या दारूकरितां. स्वयंपाकघराच्या वाट्यास त्याचा अगदीं थोडा अंश येई. तथापि एकच पदार्थ तोफेच्या पोटीं व मांसाच्या पिपांत जावा, आणि त्या तोफा वाहणाऱ्या गलबतांवरील खलाशांनीं तेंच मांस खावें, यांत त्या युगाची सारी रचना दिसून येते.

पिपांचे धनी अनेक होते. उत्तम मांस आरमाराकडे व व्यापारी जहाजांकडे जाई. म्हाताऱ्या गाईंचें व लहान जनावरांचें हलकें मांस वेस्ट इंडीज बेटांतील फ्रेंच वसाहतींकडे रवाना होई. तेथें साखरेच्या मळ्यांवर आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम राबत. फ्रान्सच्या राजानें १६८५ मध्यें गुलामांसंबंधीं जो कायदा केला, त्यांत दहा वर्षांवरील प्रत्येक गुलामास दर आठवड्यास ठराविक कसाव्याच्या पिठाबरोबर दोन पौंड खारवलेलें गोमांस किंवा तीन पौंड मासळी द्यावी असें कलम आहे. कायद्याची अंमलबजावणी मळेवाले किती करीत हा प्रश्न निराळा. पण एका राज्याच्या कायद्यांत दुसऱ्या देशच्या खारवलेल्या मांसाची मागणी अशी कायमची लिहिली गेली. आयरिश कुळाचें गवत, बिहारी नोनियाचा सोरा आणि आफ्रिकन गुलामाचें पोट हीं तीन टोकें एका पिपानें जोडलीं होतीं. आणि तिघांपैकीं कोणासहि दुसऱ्याचें नांव ठाऊक नव्हतें.

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. जें मांस आयर्लंडांतून जगभर जात होतें, तें आयरिश रयतेच्या पानांत पडत होतें काय? फारसें नाहीं. उलट, गुरांसाठीं कुरणें वाढत गेलीं तसतशी लागवडीची जमीन आकसली आणि गरीब कुळें बटाट्याच्या लहानशा तुकड्यावर येऊन ठेपलीं. जोनाथन स्विफ्ट यानें १७२९ मध्यें जो भयंकर उपरोधिक निबंध लिहिला, त्यांत गरिबांचीं मुलें खाण्यासाठीं विकावींत अशी 'सूचना' आहे, हें पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु त्या निबंधाची भाषा मांसाच्या व्यापाऱ्याची आहे, हें सहसा कोणी सांगत नाहीं. हा माल परदेशीं धाडण्याजोगा नाहीं, कारण इतकें कोंवळें मांस मिठांत फार दिवस टिकणार नाहीं, असा हिशेबहि त्यानें त्यांत मांडला आहे. ज्या देशाचा मोठा धंदाच मांस खारवून परदेशीं धाडण्याचा, त्या देशांतील वाचकास हा वार कोठें लागला असेल, हें सांगावयास नको.

अमेरिकन वसाहतींशीं युद्ध सुरू झाल्यावर १७७६ मध्यें सरकारनें आयर्लंडच्या अन्नपदार्थांच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हां कॉर्कच्या व्यापाऱ्यांत मोठी खळबळ उडाली. पण बंदीनें झळ पोंचली ती त्यांस. कुळाच्या चुलीवर बटाटाच होता. त्याच्या दारांतील एकुलतें डुक्कर, 'खंड भरणारा सद्गृहस्थ' या थट्टेच्या नांवानें ओळखलें जाई. कारण तें विकूनच जमीनदाराचा खंड भागे. म्हणजे गाय तर गेलीच होती, पण पाळलेलें डुक्करहि पुष्कळदां पारख्याच्याच तोंडीं जाई. नेपोलियनचीं युद्धें १८१५ मध्यें संपल्यावर खारवलेल्या गोमांसाची मागणी ओसरली, आणि आगबोटी सुरू झाल्यावर गुरें पुन्हा जिवंतच इंग्लंडकडे जाऊं लागलीं. १८४५ मध्यें बटाट्यावर रोग पडला. पुढील सहासात वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व रोगांनीं मेलीं आणि त्याहून अधिक देश सोडून गेलीं. १८४१ च्या शिरगणतींत सुमारें ८२ लक्ष असलेली लोकसंख्या १८५१ मध्यें सुमारें ६५ लक्षांवर आली. या काळांतहि गुरें, लोणी व धान्य देशाबाहेर जातच होतें. एकोणिसाव्या शतकांत दुष्काळांतहि हिंदुस्थानांतून धान्य बाहेर जातांना ज्यांनीं पाहिलें, त्यांच्या वंशजांस हें दुःख समजावून सांगण्याची गरज नाहीं.

जीं माणसें वांचलीं व न्यूयॉर्कास पोंचलीं, त्यांच्या स्वयंपाकघरांत एक विलक्षण पालट झाला. मायदेशीं सणाचें जेवण म्हणजे कोबीबरोबर शिजविलेलें बेकन. अमेरिकेंत गोमांस मुबलक व त्या मानानें स्वस्त होतें. शहराच्या ज्या भागांत हे लोक राहत, त्याच भागांत पूर्व यूरोपांतून ज्यू कुटुंबें येऊन वसूं लागलीं, विशेषतः १८८१ नंतर. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणें जनावराच्या मांडीची मुख्य शीर खातां येत नाहीं. याकोबाच्या कथेशीं हा निषेध जोडलेला आहे. ती शीर काढणें अवघड, म्हणून ज्यू खाटीक बहुधा जनावराचा पुढचाच भाग विकीत. त्यांतील छातीचें मांस चिवट व स्वस्त असतें. तें मिठांत मुरवून मंदपणें शिजविलें म्हणजे मऊ होतें. आयरिश गृहिणी हें खारवलेलें मांस ज्यू खाटिकाकडून घेऊं लागल्या, असें इतिहासकार मानतात. बेकनच्या जागीं गोमांस आलें, कोबी तोच राहिला, आणि १७ मार्च या संत पॅट्रिकच्या दिवशींचें अमेरिकेंतील ठरलेलें पक्वान्न तयार झालें. ज्यांच्या पूर्वजांनीं दीडशें वर्षें जगासाठीं गोमांस खारविलें व स्वतः फारसें चाखलें नाहीं, त्यांच्या पानांत तें प्रथम भरपूर पडलें तें परदेशांत. आयर्लंडांत आजहि कोबीबरोबर बेकनच शिजतें. अमेरिकन प्रवाशास तेथें कॉर्न्ड बीफ फारसें न दिसल्याचें आश्चर्य वाटतें, त्याचें कारण हेंच.

ज्यूंच्या बाजूनेंहि अशीच देवघेव झाली. अनातोलियांत गोमांस मिठानें दाबून, मेथीच्या पिठाचा लेप देऊन वाळविण्याची पद्धति जुनी आहे. तीस 'पास्तिर्मा' म्हणतात, आणि कायसेरी शहर त्यासाठीं प्रसिद्ध आहे. तुर्की साम्राज्याबरोबर हें नांव रुमानियांत गेलें, व तेथील ज्यूंनीं तें न्यूयॉर्कास नेलें. 'पस्ट्रामी' तें हेंच. तेथें त्यास मिरीं, धणे व धूर मिळाला. पुढें सकाळच्या अंड्यांबरोबर बेकन खाण्याची अमेरिकन चाल सार्वत्रिक झाली, तेव्हां ती चाल पाळावी पण शास्त्र मोडूं नये, अशा इच्छेनें ज्यू घरांत बैलाच्या पोटाकडील मांसाचे खारवलेले व धुरावलेले काप रूढ झाले. मुसलमान समाजांतहि याच कारणासाठीं गोमांसाचें बेकन पसरलें. आपल्याकडे गोव्यांतील ख्रिस्ती घरांतून नाताळासाठीं मीठ, सोरा व लिंबू लावून जनावराची जीभ मुरवीत, तीहि याच विद्येची एक शाखा होय. तात्पर्य, कोणी महागाईमुळें, कोणी धर्माज्ञेमुळें, पण एका मांसाची क्रिया दुसऱ्यास लावली. आणि परक्या मुलुखांत शेजाऱ्याच्या पंक्तीस बसतांना आपलेंपण राखण्याची युक्ति त्यांतून साधली.

खाटिकांचें अनुभवज्ञान शास्त्रांत उतरलें तें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. जर्मनींत पोलेन्स्के यानें १८९१ मध्यें दाखविलें कीं, सोरा घातलेल्या मांसांत व खारांत नायट्राइट तयार झालेलें सांपडतें. खारांतील सूक्ष्म जंतु सोऱ्याचें हें रूपांतर करितात. १९०१ मध्यें जे. एस. हॉल्डेन यांनीं खारवलेल्या मांसाच्या तांबड्या रंगाचा उलगडा केला. पुढें भारताचें नागरिकत्व घेऊन १९६४ मध्यें भुवनेश्वर येथें वारलेले जे. बी. एस. हॉल्डेन यांचे हे वडील. दरम्यान १८९५ मध्यें बेल्जियमांतील एलझेल गांवीं एका अंत्यविधीस आलेल्या वादकांनीं खारवलेलें डुकराचें मांस खाल्लें व त्यांतील तिघे मेले. व्हान एर्मेंगेम यानें त्या मांसांतून विष निर्माण करणारा जंतु शोधून काढला. हवेवांचून वाढणाऱ्या या जंतूस नायट्राइट आवरतें. म्हणजे रंगासाठीं घातलेला सोरा शतकानुशतकें प्राणहि राखीत होता. अमेरिकन सरकारनें १९२५ मध्यें सोऱ्याऐवजीं प्रत्यक्ष नायट्राइट मोजून घालण्यास परवानगी दिली. हें द्रव्य अधिक झाल्यास विषारी असतें. म्हणून नेहमींच्या मिठाशीं घोटाळा होऊं नये यासाठीं अमेरिकेंत तें मुद्दाम गुलाबी रंगवून विकतात. या कथेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ मध्यें अशा प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत केला आहे. जें पूर्वीं उपासमारीपासून वांचवी, तें आज जपून व क्वचित् खावें, असा वैद्यकाचा सल्ला आहे.

बर्फ व फ्रीज आल्यावर मांस टिकविण्यासाठीं मिठाची गरज उरली नाहीं. तरीहि लोक आठवडाभर खपून, लाकडें आणून, तें घरीं कां खारवितात? आम्हांस वाटतें, याचें कारण केवळ जिभेचे चोचले नव्हे. गरज संपली तरी तिनें लावलेली रुचि पिढ्यानुपिढ्या मागें राहते. आमच्या घरांत बाजारीं भाजी बारमास मिळूं लागल्यावरहि उन्हाळ्यांत सांडगे वाळत पडतात, तसाच हा प्रकार. परंतु रुचि टिकते आणि तिच्या मागील माणसें विसरलीं जातात, ही त्यांतील खेदाची गोष्ट. संत पॅट्रिकच्या दिवशीं ताटांत येणारें गोमांस हें आयरिश परंपरेचें प्रतीक म्हणून मिरवितें. वस्तुतः तें त्या परंपरेच्या तुटण्याची खूण आहे. ज्यांनीं माती गाळून सोरा काढला, ज्यांनीं गुरें राखून बटाटे खाल्ले, आणि ज्यांच्यापुढें पिपांतलें हलकें मांस मोजून टाकण्यांत आलें, त्यांपैकीं कोणाचेंहि नांव पाकशास्त्राच्या पुस्तकांत येत नाहीं. ज्या देशानें मीठ उचलून सत्याग्रह केला, त्या देशाच्या वाचकांस तरी मिठाच्या खड्यामागें कर, कायदे व माणसांचे हात असतात हें निराळें शिकवावें लागूं नये. अन्नाचा इतिहास लिहितांना तें कोणीं शिजविलें एवढें सांगून भागत नाहीं. तें कोणाच्या तोंडून काढून कोणाच्या पानांत वाढलें, हेंहि नमूद करणें हें इतिहासकाराचें कर्तव्य आहे.